प्रभाग रचना (ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्था, महाराष्ट्र)

ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्या निवडणुकांसाठी त्या त्या संस्थेच्या क्षेत्राचे मतदारविभाग पाडणे, तसेच लोकसंख्या, हद्द किंवा सदस्यसंख्या बदलली असता त्यांची फेरआखणी करणे, या प्रक्रियेला प्रभाग रचना म्हणतात. ग्रामपंचायतीच्या विभागाला प्रभाग किंवा वॉर्ड, जिल्हा परिषदेच्या विभागाला गट आणि पंचायत समितीच्या विभागाला गण अशी नावे आहेत. एका गटात दोन गण असतात.

या प्रक्रियेचा घटनात्मक पाया २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीत आहे. पंचायतीच्या प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या आणि त्याला दिलेल्या जागा यांचे प्रमाण संपूर्ण पंचायत क्षेत्रात व्यवहार्य असेल तेथवर सारखे असावे, असे ही दुरुस्ती सांगते. ‘व्यवहार्य असेल तेथवर’ या सवलतीवरच प्रत्यक्षातील बहुतेक वाद उभे राहतात. अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवणे, तसेच या जागा आळीपाळीने फिरवणे, हीही तरतूद त्याच दुरुस्तीने आणली. महाराष्ट्रात महिलांचा वाटा २०११ पासून निम्मा झाला. त्यामुळे नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत पाच जागा महिलांच्या असतात.

ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवरून ठरते. १,५०० पर्यंत लोकसंख्या असलेल्या पंचायतीला सात, ३,००० पर्यंत नऊ, ४,५०० पर्यंत अकरा, ६,००० पर्यंत तेरा, ७,५०० पर्यंत पंधरा आणि त्यापुढे सतरा सदस्य मिळतात. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीचा प्रभाग बहुसदस्यीय असून त्यातून दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात. शेजारच्या गोव्यात मात्र एका प्रभागातून एकच पंच निवडून येतो. २,७०० लोकसंख्येच्या गावात नऊ जागा असल्याने एका जागेमागे सरासरी ३०० लोक येतात आणि तीन सदस्यांचा प्रभाग ९०० लोकांचा होतो. सरासरीपासून साधारणतः १० टक्के कमी-अधिक चालते असे धरले, तर हा प्रभाग ८१० ते ९९० या मर्यादेत बसवावा लागतो. सात सदस्यांच्या गावात एक प्रभाग तीन जागांचा व दोन प्रभाग दोन जागांचे पडतात, म्हणून तेथे प्रभागांची लोकसंख्या असमान दिसली तरी तेवढ्यावरून रचना चुकली असे होत नाही. तुलना दर जागेमागील लोकसंख्येची करायची असते.

आखणीचे काम तलाठी व ग्रामसेवक यांच्या स्थळपाहणीपासून सुरू होते. गावाच्या नकाशावर जनगणनेचे प्रगणक गट (एका प्रगणकाने मोजलेल्या घरांचे लहान विभाग) दाखवून उत्तरेकडून प्रभागांना क्रमांक दिले जातात आणि शेवटचा प्रभाग दक्षिणेस येतो. हद्द रस्ता, गल्ली, ओढा, नाला, डोंगर अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून जावी, एक घर दोन प्रभागांत विभागले जाऊ नये आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती शक्यतो फुटू नये, अशी अपेक्षा असते. तहसील पातळीवर तपासणी झाल्यावर प्रारूप प्रसिद्ध होते, त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग अंतिम रचना जाहीर केली जाते. सलग पांढरीच्या, म्हणजे एकत्र वस्तीच्या, गावात हे नियम फारसे अडत नाहीत. कोकणातील विखुरलेल्या वाड्या किंवा सातपुड्यातील पाडे यांच्या बाबतीत मात्र लोकसंख्येचा मेळ बसवण्यासाठी दोन दूरच्या वस्त्या एका प्रभागात जोडाव्या लागतात आणि लहान वाडीचा उमेदवार मोठ्या वाडीच्या मतांपुढे टिकत नाही. बहुसदस्यीय प्रभागाने ही अडचण कमी न होता वाढते, कारण तिन्ही जागांसाठी सगळा प्रभाग मत देतो व संख्येने मोठी वस्ती तिन्ही जागा घेऊ शकते. आरक्षणामुळे उमेदवाराचा प्रवर्ग ठरतो, वस्ती ठरत नाही.

आरक्षणाची वाटणी ही रचनेनंतरची पायरी आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीनुसार उतरत्या क्रमाने व चक्रानुक्रमाने (आळीपाळीने) प्रभागांना दिल्या जातात. महिलांच्या जागांसाठी सोडत निघते. ग्रामपंचायतीची सोडत विशेष ग्रामसभेत काढतात आणि चिठ्ठी बहुधा लहान मुलाच्या हाताने उचलतात. गावकऱ्यांचे लक्ष या सोडतीकडे असते, पण हद्दीवर हरकत घेण्याची मुदत तोवर संपलेली असते. इतर मागासवर्गाच्या जागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात समर्पित (याच कामासाठी नेमलेल्या) आयोगाची पाहणी, संस्थानिहाय प्रमाण आणि एकूण आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा अशी तिहेरी कसोटी महाराष्ट्राला लागू केली. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रांना १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी या क्षेत्रांपर्यंत नेणारा कायदा, लागू असल्याने तेथे किमान निम्म्या जागा आणि सर्व अध्यक्षपदे अनुसूचित जमातींसाठी राखीव असतात.

जिल्हा परिषदेत ‘समान प्रतिनिधित्व’ जिल्ह्यापुरतेच खरे ठरते. सदस्यसंख्या ५० ते ७५ या मर्यादेत बांधलेली असल्यामुळे पुणे जिल्ह्यातील गट सिंधुदुर्गातील गटाच्या दुपटीहून मोठा असतो. २०२२ मध्ये ही मर्यादा ५५ ते ८५ करण्यात आली आणि सरकार बदलल्यावर त्याच वर्षी पूर्ववत झाली. प्रारूपे त्यामुळे नव्याने करावी लागली. मार्च २०२२ च्या कायदादुरुस्तीने रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे गेले. निवडणूक घेणारी संस्था आणि हद्दी आखणारी संस्था वेगळ्या झाल्याने जबाबदारीची रेषा पुसट झाली, ही टीका रास्त आहे. केरळने याच्या उलट वाट धरली असून तेथे राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन (हद्द आखणी) आयोग हे काम करतो. महाराष्ट्रात गटांच्या फेरआखणीला आणखी एक कारण घडते: तालुक्याच्या गावाची नगरपंचायत झाली की ते गाव गटातून वगळले जाते आणि उरलेली गावे शेजारच्या गटांशी नव्याने जुळवावी लागतात.

सगळ्या आकडेमोडीचा आधार अजून २०११ चीच जनगणना आहे, कारण २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऊसतोडीच्या ऐन हंगामात. या संपूर्ण काळात घराबाहेर असलेल्या माणसाची नोंद तो असेल तेथे होते. त्यामुळे बीडसारख्या जिल्ह्यातील ज्या तांड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे फडावर जातात, तेथे कागदावरची लोकसंख्या आणि मतदार यादी यांचा मेळ न बसणे शक्य आहे. प्रभाग लोकसंख्येवर आखला जातो, मतदारसंख्येवर नाही; एका प्रभागात मतदार कमी आणि दुसऱ्यात जास्त या एवढ्याच कारणावर घेतलेल्या हरकती म्हणूनच टिकत नाहीत.

प्रभाग रचनेवरील हरकत आणि मतदार यादीवरील हरकत यांची गल्लत नेहमी होते. पंचायत निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडली जाते आणि या टप्प्यावर मुख्यतः नाव चुकीच्या प्रभागात गेल्याची तक्रार ऐकली जाते. नवे नाव घालणे किंवा मुळातील नाव वगळणे विधानसभा यादीच्या प्रक्रियेतूनच होते. प्रभागांच्या आखणीच्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नांकित करता येत नाही, असा घटनेतील निर्बंध आहे. तथापि जुलै २०२४ मध्ये गुजरातच्या बारडोली विधानसभा मतदारसंघासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परिसीमनाचा आदेश उघडपणे मनमानी असल्यास न्यायालयीन पुनर्विलोकनाला पूर्ण बंदी नाही, असे म्हटले. व्यवहारात निवडणूक कार्यक्रम जाहीर झाल्यावर न्यायालये सहसा हस्तक्षेप करीत नाहीत, म्हणून लेखी हरकत प्रारूपाच्या मुदतीत, नकाशातील नेमकी हद्द व प्रगणक गटाचा आकडा देऊन दाखल करणे हाच गावकऱ्यांच्या हातातील प्रभावी मार्ग उरतो.