बंदरावरचा बावटा आणि कर्णबधिरांचं ॲप

वादळ घोंगावू लागलं की कोकणात अजूनही पहिला प्रश्न असतो, “बंदरात कितवा बावटा लागलाय?” १८६४ च्या वादळाने कलकत्त्याची दाणादाण उडवली. त्यानंतर १८६५ पासून तिथल्या बंदरात इशारे सुरू झाले आणि पुढे देशभरातल्या बंदरांसाठी ११ इशारे, म्हणजेच हे बावटे, ठरले. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. ऐकू न येणाऱ्या खलाशालाही खबर तांडेलाबरोबरच, म्हणजे बोटीच्या प्रमुखाबरोबरच, मिळे. कर्णबधिरांचा कुणी खास विचार केला होता असं नाही. वाऱ्यापुढे हाका पोचत नाहीत, एवढंच.

खबर डोळ्यांकडून कानांकडे नेली ती रेडिओने आणि टेलिफोनने. गंमत म्हणजे टेलिफोनच्या ग्राहम बेलची आई आणि बायको, दोघींनाही ऐकू येत नव्हतं, आणि तो स्वतः कर्णबधिरांचा शिक्षक! १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलेला मजकूर पाठवायची सोय केली. १९९२ मध्ये पहिला एसएमएस गेला.

पण मजकुराने सगळं भागत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक असते. तिचं व्याकरण वेगळं, मराठी नंतर शिकलेली. म्हणून खरा फरक पडला तो २०१६ नंतर, डेटा स्वस्त होऊन व्हिडिओ कॉल हातात आला तेव्हा. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा घेतली, आणि २०१८ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचा ३,००० शब्दांचा कोश निघाला.

ॲपवाले मात्र बरेचदा कानालाच चिकटून आहेत. तक्रार करायची तर फोन करा, पत्ता सापडला नाही तर डिलिव्हरीवाला फोन करणार. ‘मला मेसेज करा’ असा साधा पर्याय द्यायला काय जातं?

किनाऱ्यावर आणखी एक अडचण. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. म्हणजे हवामानाच्या ॲपमध्ये इशाऱ्याचे सांकेतिक भाषेतले छोटे व्हिडिओ आधीच फोनमध्ये उतरवलेले हवेत. ऐन वेळी रेंज शोधत बसता येत नाही. इशारा आला की फ्लॅश लुकलुकावा, आणि फोन उशाखाली असला तरी जाग येईल इतका जोरात थरथरावा. पडद्यावर आधी बावट्याचा नंबर, मोठा. बाकीचा मजकूर त्याखाली.