फेब्रुवारीचं लोणी, मे महिन्याचं लोणी

आयर्लंडच्या खेड्यात शे-दीडशे वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला एखादी गरीब शेजारीण दारात आली, तर बऱ्या परिस्थितीतली घरधनीण तिला ताक द्यायची आणि वर लोण्याचा गोळाही. तीच शेजारीण एक मेच्या सकाळी वाटीभर दूध मागायला आली, तर त्याच दारातून रिकाम्या हाताने परत जायची. ती वळल्यावर मागे कुजबुजही व्हायची, ती वेगळीच.

घर तेच, बायका त्याच. मधे फक्त तीन महिने गेलेले.

हे दोन दिवस म्हणजे इम्बोल्क आणि बेल्टेन. गेल लोकांच्या, म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जुन्या पंचांगातले चार मोठे सण नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टच्या आरंभी येतात. त्यांतले हे मधले दोन. आजचे निसर्गपूजक, ज्यांना पेगन म्हणतात, ते वर्षाचं आठ सणांचं चक्र पाळतात. ते चक्र ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात आकाराला आलं आणि त्यात हे दोन्ही सण आहेत. घोळ होतो तो इथेच. दोन्ही दिवसांना दूध, लोणी, ओटची भाकरी. दोन्हींची ओळख ‘दुधाचा सण’ अशीच करून दिली जाते. मग मेचं कस्टर्ड फेब्रुवारीत जातं, फेब्रुवारीची भाकरी मेमध्ये येते, आणि कुणाला काही खटकत नाही.

मला खटकतं. आपल्याकडे वसुबारस आणि पोळा दोन्ही गुरांचे सण, म्हणून पोळ्याला वासराची पूजा करून कुणी मोकळं होत नाही.

भाकड महिन्यांच्या शेवटी

इम्बोल्क समजून घ्यायचा तर आधी गोठ्यात जावं लागतं. तिकडच्या गाई वसंतात विणाऱ्या. हिवाळाभर वाळल्या चाऱ्यावर काढायचे, पोटात वासरू, दूध आटलेलं. जानेवारी संपता संपता घरातला लोण्याचा साठा तळाला गेलेला असतो. अशा वेळी आधी मेंढ्यांच्या कासेत दूध उतरतं. इ.स. ९००च्या सुमाराच्या, कॉर्मकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयरिश शब्दकोशात या दिवसाच्या नावाचा संबंध मेंढीच्या दुधाशी लावलेला आहे. आज बरेच अभ्यासक ‘पोटात’ हा अर्थ जास्त धरतात. कुठलाही घ्या, गाभण जनावर समोर उभं राहतंच.

म्हणजे या दिवशी दूध फार नसतं. दुधाची चाहूल असते. आणि नेमक्या याच दिवशी ताजं लोणी काढायचा रिवाज होता. जेमतेम सायीचं लोणी, तेही त्याच दिवशी घुसळलेलं, आणि त्यातलंच शेजाऱ्याला द्यायचं.

यामागे ब्रिजिड आहे. कॉर्मकच्याच कोशात ती कवींची देवी, डाग्डा या देवाची मुलगी. ख्रिस्ती परंपरेत ती आयर्लंडमधल्या किल्डेअरची संत. सातव्या शतकात कॉगिटोसस नावाच्या भिक्षूने तिचं चरित्र लिहिलं, त्यात एक गोष्ट आहे: आईने लोणी काढायला पाठवलं, मुलीने सगळं लोणी दारी आलेल्या गरिबांना वाटून टाकलं, हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा प्रार्थना केली, आणि भांडी भरली. दुसऱ्या एका जुन्या कथेत तिचा जन्मच उंबऱ्यावर होतो. आई पहाटे दुधाचं भांडं घेऊन आत येते आहे, एक पाय आत, एक बाहेर. देवी आणि संत एकच की दोन, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. स्वयंपाकघरापुरतं एवढं पुरे: ही बाई लोणी वाटणारी आहे.

म्हणून एकतीस जानेवारीच्या संध्याकाळी (त्यांचा दिवस सूर्यास्तापासून सुरू व्हायचा) खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर लोणी लावलेली भाकरी ठेवायचे. ब्रिजिड रात्री फिरते, जाता जाता चार घास खाईल. शेजारी धान्याची एक पेंढी, कारण तिच्याबरोबर तिची पांढरी गाय असते. पाहुणीची सोय करायची आणि तिच्या गाईची विसरायची, असं गुरं पाळणारं घर करणार नाही. काही भागांत एक मुलगी लव्हाळ्यांचा भारा घेऊन बाहेर उभी राहायची, दार वाजवायची, आत घ्या म्हणायची. आतले ‘ये, ये’ म्हणायचे आणि दार उघडायचे.

या रात्रीचं ठरलेलं जेवण म्हणजे कुस्करलेले बटाटे आणि लोणी. बटाटा आयर्लंडला सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचला, तेव्हा याला दोन हजार वर्षांचा नैवेद्य म्हणू नये. पण घाटणी जुनीच आहे: घरात जे साधं आहे ते, आणि त्यावर जे दुर्मीळ आहे ते.

करायला सोपं आहे. किलोभर बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करायचे, कारण गार झाले की चिकट होतात. पातीचा कांदा वाटीभर दुधात उकळून ते दूध थोडं थोडं घालत घोटायचं. मीठ. ताटात डोंगर करायचा, मधे चमच्याने खळगा, त्यात लोण्याचा चांगला मोठा गोळा. खायचं मात्र कडेकडेने. घास उचलायचा, मधल्या वितळलेल्या लोण्यात बुडवायचा, तोंडात. तळं शेवटपर्यंत फुटू द्यायचं नाही. वरणभाताच्या आळ्याचं शिक्षण झालेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. यातच कोबी किंवा केल घातला की त्याचं कोलकॅनन होतं. पण कोलकॅनन ही ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनचीही खासियत, तेव्हा त्यात अंगठी लपवतात. म्हणजे गोंधळायला तिसरा सणही तयार आहे. त्यात शिरत नाही.

दूध मुबलक, म्हणून दार बंद

आता मे. गवत गुडघ्यापर्यंत, गाई व्यालेल्या, दुधाची नुसती रेलचेल. जनावरं उन्हाळी कुरणांवर न्यायची आणि तिथेच झोपड्यांत राहून लोणी-चीज करायचं, याची सुरुवात इथून व्हायची. निघण्याआधी गुरं दोन आगट्यांच्या मधून हाकायची, रोगराई जावी म्हणून. दूध, दही, लोणी, चीज यांना आयरिशमध्ये एकत्र ‘पांढरं अन्न’ असा शब्द आहे, आणि उन्हाळाभर माणसं मुख्यतः त्यावर जगायची. वर्षभराचं लोणी याच काही महिन्यांत कमवायचं.

म्हणूनच ते चोरीला जाण्याची भीती. आणि चोरी कशी? कुणी मडकं उचलून नेत नाही. दुधातलं ‘सत्त्व’ नेलं जातं. तुम्ही घुसळत बसता, लोणी शेजारणीच्या रवीला येतं. मेच्या पहाटे कुणी तुमच्या कुरणावरचं दव गोळा केलं, तर वर्षाचं लोणी गेलं. त्या दिवशी घरातून विस्तव द्यायचा नाही, दूध द्यायचं नाही, मीठ, पाणी, काहीच नाही. दिलं की घराचं नशीबही मागोमाग जातं. म्हाताऱ्या बायका सशाचं रूप घेऊन गाईचे सड चोखतात, ही समजूत तर गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने बाराव्या शतकातच नोंदवून ठेवली आहे.

हसू नका. लोणी येत नाही म्हणजे काय, हे रवी धरलेल्या हाताला माहीत असतं. विरजण जास्त आंबलं, साय कोमट राहिली, भांडं नीट धुतलं नाही, की तासभर घुसळा, फेसच फेस. आपण बर्फाचे खडे टाकतो, थंडीत कोमट पाणी घालतो, आणि मनात म्हणतोच की कुणाची तरी दृष्ट लागली. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. होतं ते रोवन झाडाची डहाळी घुसळणीला बांधणं, खाली निखारा किंवा लोखंड ठेवणं, आणि एक नियम: घुसळताना कुणी घरात आलं तर त्याने दांडा हातात घेऊन चार हात मारायचेच. न मारता गेला, तर तो लोणी घेऊन गेला. दाराशी आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर पिवळी फुलं टाकायची, लोण्याच्या रंगाची.

फेब्रुवारीत याच उंबऱ्यावर दार वाजलं की उघडायचं होतं.

बेल्टेनच्या पदार्थाची सगळ्यात बारकाईची नोंद थॉमस पेनंटने केली आहे. १७६९ साली तो स्कॉटलंड फिरला, त्या प्रवासवर्णनात ती येते. एक मेला गावचे गुराखी जमिनीत चौकोनी चर खणतात, मधला गवताचा तुकडा तसाच ठेवतात, त्यावर लाकडं पेटवतात आणि मोठ्या भांड्यात ‘कॉडल’ शिजवतात: अंडी, लोणी, ओटचं पीठ, दूध. बिअर आणि व्हिस्की असतेच. प्रत्येकाने काहीतरी आणायचं. पहिला घास कुणी खात नाही. थोडं कॉडल जमिनीवर सांडतात. मग प्रत्येकाच्या हातात ओटची भाकरी, तिच्यावर नऊ चौकोनी उंचवटे. तोंड विस्तवाकडे करून एकेक उंचवटा तोडायचा आणि खांद्यावरून मागे फेकायचा: हा तुला, माझे घोडे राख, हा तुला, माझ्या मेंढ्या राख. आणि मग, मला सगळ्यात आवडणारा भाग: हा तुला, कोल्ह्या, माझी कोकरं सोड, हा तुला, डोमकावळ्या, हा तुला, गरुडा.

राखणाऱ्यालाही घास, खाणाऱ्यालाही घास. वाघबारशीला आपले गुराखी वाघोबाशी जे बोलतात, त्याच जातीचं हे बोलणं आहे. उरलेलं कॉडल दोघं जण लपवून ठेवायचे आणि पुढच्या रविवारी सगळे जमून ते संपवायचे. त्या थंड हवेत ते टिकत असेल.

स्कॉटलंडच्याच पर्थशायरमधल्या कॅलंडर नावाच्या गावच्या धर्मगुरूने १७९०च्या दशकात असंच लिहून ठेवलंय. तिथेही अंडी आणि दुधाचं कस्टर्डसारखं काहीतरी, शिवाय भाकरीचे तुकडे, त्यातला एक कोळशाने काळा केलेला. टोपीत टाकून डोळे बांधून उचलायचे. काळा ज्याच्या हाती लागेल त्याने विस्तवावरून तीनदा उडी मारायची. धर्मगुरूच्या मते ही जुन्या नरबळीची आठवण. मला ते जरा ताणल्यासारखं वाटतं. पाद्रीबुवांना शेजारच्या टेकडीवर नरबळी दिसायला फार वेळ लागत नसावा.

कॉडल मी घरी केलं. पहिल्यांदा चक्क भुर्जी झाली. अर्धा लिटर दुधात चार मोठे चमचे जाडसर दळलेले ओट दहा मिनिटं शिजवले, चिमूट मीठ घातलं, आणि उकळतीतच दोन अंडी ओतली. दूध ऐंशी अंशांच्या वर गेलं की अंडं आवळतं आणि त्याच्या चिंध्या होतात. दुसऱ्या खेपेला भांडं खाली उतरवलं, दोन मिनिटं थांबले, फेटलेल्या अंड्यांत आधी डावभर गरम लापशी मिसळली, मग ते सगळं भांड्यात, मंद आचेवर ढवळत, चमच्याच्या पाठीला थर धरेपर्यंत. शेवटी लोणी. चव खिरीची नाही. खिरीच्या अपेक्षेने खाल्लं तर पंचाईत होते. खारट, जड, पोटाला धरणारं. दिवसभर गुरांमागे जाणाऱ्याचं अन्न.

भाकरीने मात्र गोंधळ उरतोच, कारण बॅनॉक ही जाड, तव्यावरची ओटची भाकरी दोन्ही सणांना आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात चारही सणांची एकेक होती. ओळखायची खूण म्हणजे वरचा थर. बेल्टेनच्या बॅनॉकला काही ठिकाणी अंडं, दूध, साय आणि थोडं ओटचं पीठ फेटून लेप देत आणि तो भाजत. फेब्रुवारीत इतकी चैन कुठली? अंडी नाहीत, साय जेमतेम. नुसतं लोणी लावा आणि खिडकीत ठेवा.

आणि लोण्याचा रंग बघा. ओल्या गवतातलं कॅरोटिन गाईच्या लोण्यात उतरतं, म्हणून मेचं लोणी गर्द पिवळं. वाळल्या चाऱ्यावरचं फेब्रुवारीचं लोणी फिकट. आपलं म्हशीचं लोणी बारा महिने पांढरं, कारण म्हैस कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व करून टाकते. तेव्हा पुण्यात बसून कुणाला करून बघायचंच असेल, तर म्हशीचं लोणी इम्बोल्कला खपून जाईल. बेल्टेनला गाईचंच हवं. ऑस्ट्रेलियातले पेगन तर तारखाच फिरवतात. त्यांचा इम्बोल्क ऑगस्टच्या सुरुवातीला आणि बेल्टेन ऑक्टोबर संपताना. मला ते पटतं. कॅलेंडरपेक्षा गोठा खरा.

राहता राहिलं जमिनीवर सांडायचं कॉडल. चौथ्या मजल्यावर जमीन कुठून आणायची? बाल्कनीत तुळस होती, पण अंडं घातलेलं तिला कसं देणार. शेवटी चमचाभर कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. त्याला तसंही आंबट ताक घालतोच आपण.