नव्वद टक्के अचूक, तरी निम्म्या लाल रेघा खोट्या

इंग्रजी तपासून देणाऱ्या एखाद्या साधनाच्या जाहिरातीत ‘90 टक्के अचूक’ असं लिहिलेलं दिसलं, की आधी विचारावं: कशाच्या 90 टक्के?

‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही, त्यामुळे ‘डिस्कस अबाउट’ ही चूक पकडायला एक नियम जवळजवळ पुरतो. जवळजवळ अशासाठी, की ‘डिस्कस्ड अबाउट ट्वेंटी केसेस’मध्ये ‘अबाउट’ म्हणजे ‘सुमारे’, आणि तिथे तो बरोबर आहे. खरी दमछाक होते ती उपपदांपाशी, म्हणजे ‘अ’, ‘द’ या नामाआधीच्या शब्दांपाशी. ‘आय बॉट अ बुक’ आणि ‘आय बॉट द बुक’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध. कोणतं हवं, हे पुस्तक वाचकाला आधीच ठाऊक आहे का यावर ठरतं, आणि ते वाक्यात लिहिलेलं नसतं. म्हणून साधन आजूबाजूचे शब्द पाहून ‘अ’, ‘द’ आणि ‘काहीच नको’ या तिघांची संभाव्यता काढतं.

आता हिशोब. समजा, शिकणाऱ्याने 100 जागांपैकी 90 ठिकाणी योग्य उपपद वापरलं, 10 ठिकाणी चुकला. साधनाची निवड 90 टक्के वेळा बरोबर येते. म्हणजे 10 चुकांपैकी 9 सापडल्या. पण शुद्ध असलेल्या 90 जागांपैकीही 9 ठिकाणी साधन चुकणार आणि बरोबर शब्दाखाली रेघ ओढणार. एकूण 18 रेघा, त्यातल्या 9 खोट्या! शिकणारा मात्र अठराही निमूट मान्य करतो, कारण खोटी कोणती हे ओळखता आलं असतं तर त्याला साधन लागलंच नसतं.

यावर उपाय म्हणजे उंबरठा. ‘द’ 0.55 आणि लेखकाचा ‘अ’ 0.40 असेल तर गप्प बसायचं, 0.97 विरुद्ध 0.02 असेल तरच बोलायचं. काही खऱ्या चुका निसटतात, पण निसटू द्याव्यात. कोनल या संशोधन परिषदेच्या, इंग्रजीतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या साधनांच्या स्पर्धेत 2013 साली नेमकेपणा (साधनाच्या दुरुस्त्यांपैकी किती खऱ्या) आणि शोध (एकूण चुकांपैकी किती सापडल्या) यांना समान वजन होतं. 2014 मध्ये नेमकेपणाला दुप्पट वजन देणारा एफ-0.5 हा गुणांक आला. नेमकेपणा 0.60 आणि शोध 0.30 असेल तर गुण 0.50, आकडे उलटे केले तर 0.33. जुन्या मापाने दोन्हींना 0.40 मिळाले असते.

आजची चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेल्स उंबरठा वगैरे मानत नाहीत, अख्खं वाक्यच गुळगुळीत करून देतात. त्यात ‘मे’चं ‘विल’ झालं की शक्यतेची खात्री होते. ‘फक्त व्याकरण, कमीत कमी बदल’ असं बजावून मूळ मजकुराशी शब्दन्‌शब्द ताडून पाहावं. ‘100 टक्के शुद्ध’ हा दावा तर हसण्यावारीच न्यावा: 2014 च्या स्पर्धेतले 50 निबंध दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा त्यांच्याही सगळ्या दुरुस्त्या जुळल्या नव्हत्या.