वेलांटी पहिली की दुसरी? कानाने तपासताना

‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. डोळ्यांनी वाचणाऱ्याला वेलांटी अक्षराच्या कुठल्या बाजूला आहे ते दिसते. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचणाऱ्याच्या कानावर मात्र दोन्ही शब्द जवळपास सारखेच पडतात, आवाजाचा वेग वाढवला की तर हमखास. म्हणून मजकूर तीनदा ऐकला तरी ‘फुलाचा’च्या जागी ‘फूलाचा’ तसाच राहून जातो. अशा वेळी शब्दाची फोड करूनच ऐकावे लागते.

विंडोजवरच्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये त्यासाठी नमपॅडवरचा ५ आहे (नमलॉक बंद हवा). एकदा दाबला की शब्द ऐकू येतो, झटपट दोनदा दाबला की त्याचे स्पेलिंग. लॅपटॉप मांडणीत हेच काम एनव्हीडीए की (इन्सर्ट, किंवा तशी निवडली असल्यास कॅप्स लॉक), कंट्रोल आणि पूर्णविराम एकत्र दाबून होते. नुसत्या डाव्या-उजव्या बाणावर विसंबू नये. देवनागरीत बाण पुष्कळदा व्यंजन आणि वेलांटी मिळून झालेल्या अख्ख्या अक्षरावरून उडी मारतो. मग ‘शि’ हे एकच अक्षर म्हणून वाचले जाते आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

स्पेलिंग ऐकतानाही एक अडचण येते. वेलांटीला काय म्हणायचे हे आवाजागणिक बदलते. काही आवाज दोन्ही वेलांट्यांना नुसते ‘इ’ म्हणतात. हे आपल्याला दुरुस्त करता येते, आणि प्रत्येक मराठी वापरकर्त्याने एकदा बसून ते करावेच. प्रेफरन्सेसमधल्या ‘पंक्चुएशन/सिम्बॉल प्रोनन्सिएशन’मध्ये जाऊन ‘अ‍ॅड’ दाबा, ि हे चिन्ह द्या आणि रिप्लेसमेंटमध्ये ‘पहिली वेलांटी’ लिहा. ी साठी ‘दुसरी वेलांटी’, ु साठी ‘पहिला उकार’, ू साठी ‘दुसरा उकार’. शाळेतलीच नावे, कानाला लगेच ओळखू येणारी. लेव्हल ‘कॅरेक्टर’ ठेवा, म्हणजे ही नावे फक्त अक्षरे किंवा स्पेलिंग ऐकताना येतील. त्याखालचा, मूळ चिन्ह आवाजाकडे पाठवण्याचा पर्याय ‘नेव्हर’वर राहू देऊ नका, ‘ऑल्वेज’ करा. हे विसरले तर सलग वाचनात वेलांटी आवाजापर्यंत पोहोचतच नाही आणि ‘शिर’चे ‘शर’ होते. शेवटी ‘शिर, शीर, सुत, सूत’ असे चार शब्द टंकून खात्री करून घ्या.

प्रत्येक शब्दाची फोड करायला वेळ कुणाला आहे? संशय कुठे घ्यायचा ते शुद्धलेखनाचे नियमच सांगतात. अकारान्त शब्दातला उपान्त्य (शेवटच्या अक्षराच्या आधीचा) इकार-उकार दीर्घ आणि सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, ऱ्हस्व: वीट पण विटेला, मूल पण मुलाला, गूळ पण गुळाचा. ‘गुण’, ‘विष’ यांसारखे तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द याला अपवाद. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ: कवी, गुरू. प्रत्यय लागलेले असे शब्द तेवढे फोडून ऐकले तरी बहुतेक चुका सापडतात.

काही चुका तर कानालाच आधी कळतात. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी कोलन टंकला असेल तर डोळ्यांना सहसा फरक दिसत नाही. पण अक्षराक्षराने जाताना तो वेगळा थांबा म्हणून लागतो. त्यावर नमपॅडचा २ तीनदा दाबला की ५८ हा आकडा ऐकू येतो. विसर्गाचा आकडा २३०७ आहे.

चूक सापडली की कर्सर त्या अक्षराच्या पुढे, म्हणजे उजवीकडे न्या आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने फक्त वेलांटी पुसली जाते, व्यंजन शाबूत राहते, आणि तिथेच योग्य वेलांटी टंकता येते. अक्षराच्या आधी उभे राहून डिलीट दाबले तर मात्र सबंध अक्षर जाते. दुरुस्तीनंतर नमपॅडचा ५ पुन्हा दोनदा दाबा, कारण घाईत जुनी वेलांटी तशीच राहून तिच्यापुढे नवी जोडली जाते.