पाइपलाइनच्या तपासणीसाठी शेत खोदलं? नुकसानभरपाईचा अर्ज असा करा

शेताखालून गॅस, पेट्रोल-डिझेल किंवा कच्च्या तेलाची वाहिनी गेली, त्या वेळी मोबदला मिळाला आणि विषय मिटला, असं बहुतेक शेतकरी धरून चालतात. दहा वर्षांनी एक दिवस पोकलेन येतं, उभ्या उसात खड्डा पडतो, आणि 'पैसे तर पूर्वीच घेतलेत ना' हे उत्तर ऐकून माणूस गप्प बसतो. कायदा मात्र गप्प बसायला सांगत नाही.

हा कायदा १९६२चा. पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांसाठी जमिनीतील वापर हक्क संपादन करण्याचा. यात जमीन तुमच्याच नावावर राहते. कंपनीकडे जातो तो फक्त वापर हक्क, म्हणजे जमिनीखालून वाहिनी टाकण्याचा आणि ती सांभाळण्याचा हक्क. त्यासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते, तीही अधिसूचना निघाली त्या दिवशीच्या भावाने. ती एकदाच. पण कलम ८ प्रमाणे देखभाल, तपासणी किंवा दुरुस्तीसाठी माणसं शेतात शिरली आणि नुकसान झालं, तर कलम १० प्रमाणे त्याची भरपाई वेगळी मागता येते. पुन्हा खोदलं, तर पुन्हा. पाणीपुरवठ्याच्या वाहिन्यांना हा कायदा लागू नाही.

का खोदतात, तेही समजून घ्या. वाहिनीच्या आतून 'पिग' नावाचं यंत्र सोडतात. ते चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने नळाची भिंत कुठे गंजून पातळ झाली आहे ते टिपतं. जिथे शंका येते तिथे नळ उघडा करून मोजावाच लागतो. मग वरचं आवरण नवं करतात, गरज पडल्यास नळाभोवती पोलादी स्लीव्ह, म्हणजे जाड कवच, बसवतात. हे टाळणं किती महागात पडतं, ते २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातल्या नगरम गावाने पाहिलं. गॅसवाहिनीच्या स्फोटात तिथे वीसहून अधिक माणसं गेली. म्हणून खोदाई अडवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काम होऊ द्या आणि हिशेब कागदावर ठेवा.

अर्ज कोण करू शकतो? कायद्यातला शब्द 'हितसंबंधित व्यक्ती' असा आहे. म्हणजे सातबाऱ्यावरचा मालक आलाच, शिवाय सहहिस्सेदार आणि कुळही. बटाईने कसणाऱ्याने पीक आपलं असल्याचा लेखी पुरावा जोडावा. तो नसेल तर मालकाबरोबर एकत्र अर्ज करणं बरं.

प्रवेशापूर्वी कब्जेदाराला वाजवी मुदतीची सूचना द्यावी लागते. गळतीसारखी आणीबाणी असेल तर सूचनेची गरज नाही. सूचना हातात पडली की त्याच दिवशी उभ्या पिकाचे, ठिबकचे, बांधाचे तारखेसह फोटो काढा. वरची काळी माती बाजूला ठेवून शेवटी वरच पसरायची, हे खोदाईआधी लेखी मागा. खालचा मुरूम वर आला, तर पुढचे कित्येक हंगाम तो पट्टा पिकत नाही. काम झाल्यावर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि कंपनीचा प्रतिनिधी यांच्यासमोर पंचनामा करून घ्या. सगळ्यात जास्त अर्ज इथेच लंगडे पडतात: पंचनामा नसतो आणि खड्डा बुजलेला असतो.

अर्ज साध्या कागदावर 'सक्षम प्राधिकारी', म्हणजे या कायद्याखाली भरपाई ठरवणारे सरकारने नेमलेले अधिकारी, यांच्या नावे करायचा. जुन्या अधिसूचनेत किंवा नोटिशीत त्यांचं कार्यालय दिलेलं असतं. गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पीक, कामाच्या तारखा आणि मागणीची रक्कम स्पष्ट लिहा. शेताजवळच्या खुणेच्या खांबावर किलोमीटरचा आकडा असतो, तोही टाका; जागा ओळखायला सोपं जातं. सोबत:

- चालू सातबारा (इतर हक्कात वापर हक्काची नोंद आहे का पाहा) आणि ८-अ
- ई-पीक पाहणीची नोंद
- पंचनामा, फोटो, प्रवेशाची सूचना
- ठिबक, पाइप यांची बिलं किंवा दुरुस्तीचा अंदाज
- आधार, बँक पासबुकाची प्रत
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र; मूळ मालक हयात नसल्यास वारस फेरफार

एक प्रत कंपनीच्या देखभाल कार्यालयात द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

रक्कम ठरवताना उभं पीक, तोडलेली झाडं, कामामुळे बाकीच्या शेतापासून तात्पुरता तुटलेला जमिनीचा भाग, इतर मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं नुकसान हे सगळं विचारात घ्यावं लागतं. ठरलेली रक्कम मान्य नसेल तर जमीन ज्या जिल्हा न्यायाधीशांच्या अधिकारक्षेत्रात येते, त्यांच्याकडे अर्ज करता येतो. त्यांचा निर्णय अंतिम.

वापर हक्काच्या पट्ट्यात अधिसूचनेनंतर घर, गोठा बांधणं, विहीर किंवा शेततळं खोदणं, झाड लावणं कलम ९ने मना आहे. त्यामुळे अशा पट्ट्यात नंतर लावलेल्या आंब्याच्या कलमांचे पैसे मागायला गेलात, तर उलट ती काढायचा आदेश येऊ शकतो आणि खर्चही तुमच्याकडून वसूल होतो. ज्वारी, सोयाबीन, भाजीपाला, म्हणजे आधीपासून चालत आलेली शेती, खुशाल करा.