कृषिविद्या

पीक, जमीन, पाणी आणि हवामान यांचा मेळ घालून शेतात पीक कसे उभे करायचे याचे शास्त्र म्हणजे कृषिविद्या. कोणते पीक कोणत्या जमिनीत, केव्हा आणि किती अंतरावर पेरायचे, खत किती आणि कोठे द्यायचे, तण कधी काढायचे, ओल कशी धरून ठेवायची, हे सगळे प्रश्न तिच्या कक्षेत येतात. नवे वाण तयार करणे हे पैदासकाराचे काम, मातीचे पृथक्करण मृदाशास्त्रज्ञाचे. या दोघांचे निष्कर्ष एकाच शिवारात, एकाच हंगामात जुळवून दाखवतो तो कृषिविद्यावेत्ता. महाराष्ट्राच्या कृषी विद्यापीठांत विभागाचे नाव कृषिविद्या असेच आहे; हिंदीत या विषयाला सस्यविज्ञान म्हणतात.

या शास्त्रात कोणतीही शिफारस एकटी उभी राहत नाही. तिच्यामागे जमिनीची खोली, पाऊस आणि पेरणीची तारीख या अटी असतात. अटी गाळून शिफारस सांगितली की ती बहुधा चुकते.

थोडा इतिहास

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी 1843 मध्ये गव्हाचा खतप्रयोग सुरू केला. ब्रॉडबाल्क नावाच्या त्या शेतातील प्रयोग आजही चालू आहे. 1919 मध्ये तेथे रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी साठलेल्या आकड्यांचा अभ्यास करताना प्रयोगाच्या आखणीचेच शास्त्र घडवले.

पुण्यात शेतीचे शिक्षण 1879 पासून सायन्स कॉलेजची शाखा म्हणून होते. स्वतंत्र कृषी महाविद्यालय 1907 मध्ये झाले. अवर्षणाच्या पट्ट्यासाठी 1933 पासून सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन उभे राहिले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे 1968 ते 1972 या काळातली.

एका पिकाची कृषिविद्या : कोरडवाहू रब्बी ज्वारी

हे शास्त्र प्रत्यक्षात कसे चालते हे सोलापूर भागातल्या रब्बी ज्वारीवरून नीट कळते. येथे वर्षाला सरासरी 700 मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो. ज्वारी पेरली जाते पाऊस परतीला लागल्यावर. म्हणजे पीक पुढचे चार महिने जगते ते जमिनीत मुरलेल्या पाण्यावर. काळी माती दर मीटर खोलीला साधारण 150 ते 200 मि.मी. पाणी पिकाला देऊ शकते. 60 सें.मी. खोलीच्या रानात हा साठा 90 ते 120 मि.मी. होतो, 30 सें.मी.च्या बरड रानात त्याच्या निम्मा. म्हणून कृषिविद्यावेत्ता शेतात गेल्यावर पहिल्यांदा पहार मारून मुरूम किती खाली लागतो ते पाहतो. वाण, खत आणि रोपांची संख्या त्यानंतर ठरते.

हलक्या रानासाठी फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम रानासाठी फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1, भारी रानासाठी फुले वसुधा किंवा फुले यशोदा, अशी वाणांची विभागणी आहे. हलक्या रानात उशिरा पक्व होणारा वाण घेतला, तर दाणा भरायच्या वेळी जमीन कोरडी पडलेली असते.

ओलीची तयारी मात्र पेरणीच्या दोन महिने आधी सुरू होते. जुलैत उतार पाहून साधारण 10 मीटर बाय 10 मीटरचे वाफे बांधले की पाऊस जागच्या जागी मुरतो. पेरणीपूर्वी हे वाफे मोडून रान सपाट करतात. बांध पक्के नसतील तर एका ठिकाणी फुटलेले पाणी खालचे सगळे वाफे फोडत जाते आणि मातीही घेऊन जाते.

पेरणीचा काळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. त्याआधी पेरले तर खोडमाशीचा उपद्रव वाढतो. तिची अळी कोवळा पोंगा, म्हणजे रोपाचा मधला शेंडा, आतून खाते, तो वाळून पोंगेमर होते आणि ओळीत खांडण्या, म्हणजे मोकळ्या जागा, पडतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरले तर वरच्या थरातली ओल उडालेली असते. या महिन्यातही खरा दिवस ठरतो तो वाफशावर. काही भागांत यालाच घात म्हणतात. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी ही अवस्था. एवढ्या नेमक्या अर्थाचा शब्द शेतकऱ्यांनीच घडवला आणि शास्त्राने तो जसाच्या तसा घेतला, हे आवर्जून नोंदवण्यासारखे आहे. पारख सोपी आहे : चार बोटे खालची मूठभर माती दाबून तिचा लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. लाडू चपटा होऊन तसाच राहिला तर रान ओले आहे. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. लाडू वळलाच नाही तर वेळ निघून गेली. ओल्या काळ्या रानात औत घातले तर फणाला चिखल धरतो, वाळल्यावर मोठी ढेकळे निघतात आणि त्यांच्या सांदीतून उरलेली ओलही उडते.

हेक्टरी 10 किलो बियाणे, दोन ओळींत 45 सें.मी., दोन रोपांत 15 सें.मी. आणि बी सुमारे 5 सें.मी. खोल. दाण्याच्या जागी काळी भुकटी धरणाऱ्या काणी या बुरशीच्या रोगासाठी बियाण्याला किलोमागे 4 ग्रॅम 300 मेश, म्हणजे अगदी बारीक चाळलेले, गंधक चोळतात. या अंतराने हेक्टरी 1 लाख 48 हजार रोपे बसतात. उगवणीनंतर 10 ते 12 दिवसांनी विरळणी करायची असते आणि नेमकी हीच मजुरी वाचवली जाते. दाट पीक डिसेंबरपर्यंत हिरवेगार, डौलदार दिसते. पण तोवर ते पाण्याचा साठा संपवून बसलेले असते. मग कणसे पोचट राहतात, आणि ताण पडलेल्या ताटांवर खडखड्या येतो : बुंध्याचा गाभा काळा पडून ताटे आडवी होतात. नत्र प्रमाणाबाहेर दिल्यानेही असेच घडते. सोळा रोपांपैकी चार उपटायला मन धजत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण साठा ठरलेला असताना खाणारी तोंडे मोजूनच ठेवावी लागतात.

मध्यम रानासाठी खताची मात्रा हेक्टरी 40 किलो नत्र (नायट्रोजन) आणि 20 किलो स्फुरद (फॉस्फेट). हे आकडे अन्नद्रव्यांचे आहेत, पोत्यांतल्या खताचे नव्हेत. युरियात 46 टक्के नत्र असल्याने 40 किलोंसाठी 87 किलो युरिया लागतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद असल्याने 20 किलोंसाठी 125 किलो. एकरी हिशेबाने अनुक्रमे 35 आणि 50 किलो. हेक्टरचा आकडा एकराला लावला की खत अडीचपट पडते. सगळे खत पेरणीच्या वेळीच दोन चाड्यांच्या पाभरीने, म्हणजे बी आणि खत वेगवेगळे सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने, बियाण्याच्या खाली, थोडे बाजूला पेरतात. बियाण्याला युरिया चिकटला तर उगवण मरते; वर फेकला तर कोरड्या मातीत पडून राहतो, कारण तो खाली नेणारा पाऊस पुढे येत नाही.

कोळपण्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधली उथळ मशागत, तीन. तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्यात अखंड फासेचे, आठव्यात दातेरी. पहिल्या दोन तण काढतात. तिसरीचे काम वेगळे आहे : रान सुकून पडू लागलेल्या भेगा ती भुसभुशीत मातीने बुजवते. भेग उघडी राहिली तर मुळे तुटतात आणि खोलवरची ओल बाहेर पडते. एखादे पाणी देण्याची सोय असेल तर ते पोटरीच्या सुमारास, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना, 50 ते 55 दिवसांनी, दिलेले कारणी लागते.

वाफ्यावरचा प्रयोग

वरची प्रत्येक संख्या कोणत्या तरी प्रयोगातून आली आहे. खताच्या पाच मात्रा तपासायच्या असतील तर प्रत्येक मात्रा निदान चार वेळा, म्हणजे एकूण वीस वाफ्यांत घेतात. त्याने निव्वळ योगायोगाचा अंदाज बांधायला 12 स्वातंत्र्यांश, म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तुलना, मिळतात. त्याहून कमी असतील तर निष्कर्ष डळमळीत राहतो. पाच वाफ्यांचा एक गट आणि गटात कोणत्या वाफ्याला कोणती मात्रा हे चिठ्ठीने ठरते. गट आखताना उतार पाहावा लागतो. बांधालगत पाणी साठते आणि गाळ येतो, त्यामुळे तेथे पीक मुळातच जोमदार असते. एक पूर्ण गट त्या पट्ट्यात बसला तर फायदा पाचही मात्रांना सारखा मिळतो. गट उताराच्या दिशेने उभा आखला तर खालच्या वाफ्याचे यश खताच्या नावावर जमा होते.

काढणीत कडेच्या ओळी वगळतात, कारण त्यांना मोकळी जागा आणि उजेड जास्त मिळतो. दहा ओळींच्या 4.5 बाय 4.8 मीटर वाफ्यातून दोन्ही कडांची एकेक ओळ आणि ओळीच्या दोन्ही टोकांची दोन-दोन रोपे सोडली की निव्वळ वाफा 3.6 बाय 4.2 मीटर, म्हणजे 15.12 चौरस मीटर उरतो. त्यात 2.27 किलो धान्य भरले तर हेक्टरी 1,501 किलो. पण दाण्यात 16 टक्के ओलावा असेल आणि नोंद 12 टक्क्यांवर करायची असेल, तर खरा आकडा 1,433 होतो. हे 68 किलो पाणीच असते. एका वाफ्याचे धान्य सकाळी आणि दुसऱ्याचे दोन उन्हे दाखवून तोलले, तर सगळ्या हंगामाची मेहनत वाया जाते.

कडब्याचे वजनही नोंदवावे लागते. जनावरे सांभाळणाऱ्या घरात कडबा हे दुसरे पीक असते. मालदांडी 35-1 हे मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेले वाण इतकी वर्षे टिकले, त्यात त्याच्या मोत्यासारख्या दाण्याइतकाच, भाकरीइतकाच, कडब्याचाही हात आहे. केवळ धान्याच्या उताऱ्यावर वाण जोखणे अपुरे ठरते.

शिफारशीपासून बांधापर्यंत

एका हंगामाचा निकाल कोणी शिफारस मानत नाही. प्रयोग सहसा तीन हंगाम चालतो, मग विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत त्याची छाननी होते. पुढे कृषी विज्ञान केंद्रे शेतकऱ्यांच्या रानात चाचण्या आणि प्रात्यक्षिके घेतात. साखर कारखाने, बियाणे व ठिबक कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या यांतही कृषिविद्येचे पदवीधर काम करतात.

गावपातळीवर त्यांचे बरेचसे काम माती नमुन्यापासून सुरू होते, आणि चूकही येथेच होते. एकसारख्या रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, 20 सें.मी. खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासतात. ती एकत्र मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करत अर्धा किलो उरवायची. झाडाखालची, बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची आणि नुकतेच खत दिलेल्या जागेची माती घेऊ नये. खताच्या रिकाम्या पिशवीत भरलेला नमुना तर टाकूनच द्यावा. त्या पिशवीला चिकटलेली चिमूटभर पूड अहवालातले आकडे फुगवायला पुरते. चिठ्ठीवर जमिनीचा गट क्रमांक, मागील पीक, पुढचे पीक आणि जमिनीची खोली लिहायची असते. शेवटचा रकाना अनेकदा कोरा राहतो. तो भरायला पहार घेऊन पुन्हा शेतात जावे लागते.