आरोग्यदावा (त्वचानिगा उत्पादनांची थेट विक्री, कोकण)

एखादी वस्तू वापरल्याने शरीरावर किंवा आजारावर अमुक परिणाम होईल, असे विकणाऱ्याने केलेले विधान म्हणजे आरोग्यदावा. ते डबीवर छापलेले असो, मोबाईलवर पाठवलेले असो की पडवीत बसून सांगितलेले असो. क्रीम, साबण, तेल, सीरम यांच्या थेट विक्रीत, म्हणजे दुकानाऐवजी ओळखीच्या माणसाकरवी घरोघरी होणाऱ्या विक्रीत, सारा भर तोंडी दाव्यावर असतो. कोकणात विकणारी बहुधा जाऊ, वहिनी, शेजारीण किंवा बचत गटातली असते. डबीवरचा बारीक मजकूर कोणी वाचत नाही. ‘गो वयनी, ह्या लाव मगे, म्हयन्यात वांग जातलो,’ हे वाक्य मात्र लक्षात राहते, आणि माल खपतो तो त्या वाक्यावर.

कायद्याच्या दृष्टीने सगळा फरक क्रियापदात आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 नुसार स्वच्छ करणे, सुशोभित करणे, रूप बदलणे यासाठी अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची वा फवारायची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. रोगाचे निदान, उपचार, उपशमन वा प्रतिबंध यासाठी असते ते औषध. म्हणून ‘त्वचा मऊ राहते’, ‘कोरडेपणा कमी जाणवतो’, ‘डाग कमी उठून दिसतात’ ही विधाने प्रसाधनाची. ‘इसब बरा होतो’, ‘गजकर्ण जाते’, ‘सोरायसिसवर गुणकारी’ ही औषधाची. डबी तीच असली तरी दुसऱ्या प्रकारचे वाक्य उच्चारताच विकणारी विनापरवाना औषध विकू लागते. ‘हर्बल’ हा शब्द त्यातून सुटका देत नाही. आयुर्वेदिक औषधालाही वेगळा परवाना लागतोच. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत तर कोडाचे, म्हणजे पांढऱ्या डागांचे, नाव स्पष्ट आहे. ते घालवण्याची जाहिरातच करता येत नाही.

खोट्या दाव्यांपैकी बरेच लबाडीतून येत नाहीत, अनुभवातून येतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे काळसर डाग, उन्हाने गडद होतो. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, माणसे घरात असतात, चेहऱ्यावर ऊन कमी पडते. तो आपोआप थोडा फिका पडू शकतो. जूनमध्ये क्रीम सुरू केलेल्या बाईला गणपतीपर्यंत फरक दिसतो, ती तो सगळ्यांना दाखवते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात डाग परत आले की ‘क्रीम बंद केलं म्हणून’ असे उत्तर तयार असते. मे महिन्यातल्या घामोळ्यांचेही तसेच: पहिल्या सरींनी हवा गार झाली की त्या बसतात, आणि श्रेय नेमक्या त्याच आठवड्यात आणलेल्या पावडरीला जाते. ‘मला बरं वाटलं’ हे खरे विधान आहे. ‘यानेच बरं झालं, तुलाही होईल’ यात दोन वेगळे दावे आहेत आणि दोन्ही सिद्ध करावे लागतात.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हा दुसरा लाडका दावा. तो कोकणात टिकतो याचे आश्चर्य वाटावे. काजूबी भाजताना उडालेल्या तेलाने हात पोळलेले आणि आंब्याच्या चिकाने गालावर चट्टे उठलेले लोक इथे घरटी सापडतील. दोन्ही गोष्टी शंभर टक्के नैसर्गिक आहेत.

घरगुती परंपरेत प्रामाणिक दाव्याचा चांगला नमुना मिळतो तो कोकमच्या तेलाचा. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. वर आलेला स्निग्धांश काढून थंड होताना मुठीत वळतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. मुठीच्या बोटांचे वळ त्या पांढुरक्या गोळ्यावर तसेच राहतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की तो किंचित वितळवून रात्री लावायचा. त्यात स्टिअरिक व ओलेइक या मेदाम्लांचे प्रमाण मोठे असते. त्वचेवर थर बसतो, ओलावा टिकतो, भेगांच्या कडा मऊ पडतात. जुन्या बायका ‘टाचो मऊ पडतत’ एवढेच सांगत. तेच मुठेल आता आकर्षक डबीत भरून ‘त्वचारोगनाशक’ म्हणून पुढे केले जाते, तेव्हा बिघडलेले असते ते फक्त वाक्य. घरी साबण वा क्रीम बनवून विकायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, हेही अनेक गटांना उशिरा कळते.

अतिदाव्याची किंमत कधीकधी केवळ पैशात मोजायची नसते. दमट हवेमुळे किनारपट्टीवर बुरशीजन्य गजकर्ण, नायटा सहज पसरतो. त्यावर स्टेरॉईड असलेले मलम लावले की खाज थांबते, लाली उतरते, ‘गुण आला’ असे वाटते, आणि बुरशी मात्र आत फोफावते. पुढे डॉक्टरांनाही तिचे मूळ रूप ओळखणे अवघड जाते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. गोरेपणाच्या क्रीममधला पारा त्याहून घातक. प्रसाधनात नकळत आलेल्या पाऱ्यालाही दहा लाख भागांत एक भाग एवढीच मर्यादा आहे, डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांना सत्तर भागांची. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 15 रुग्ण आढळले. त्यांतील 13 जणांनी अशा क्रीम वापरल्याचे सांगितले. म्हणून ‘सात दिवसांत उजळपणा’ ऐकले की आधी डबीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी आहे का, हे पाहावे. ‘त्वचेवर चाचणी केलेले’ याचा अर्थ फार तर ते बहुतेकांच्या त्वचेला झोंबले नाही एवढाच.

विक्रीच्या पद्धतीसाठी 28 डिसेंबर 2021 रोजी अधिसूचित झालेले ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम लागू आहेत. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय व आधी वेळ घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये, आपण कोण, कोणत्या कंपनीचे आणि का आलो हे सुरुवातीलाच सांगावे, वस्तूची व परताव्याची खरी माहिती द्यावी, असे ते सांगतात. विक्रेत्यांच्या वागणुकीची जबाबदारी कंपनीवरही येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

व्यवहारात प्रामाणिक विक्रीची खूण साधी असते. विक्रेती ‘हे काय करत नाही’ तेही सांगते, कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून काही दिवस वाट पाहायला लावते, आणि गरोदरपण, पू आलेली जखम, पसरत जाणारा चट्टा दिसला की माल परत पिशवीत घालून ‘आधी डॉक्टराक दाखव’ म्हणते. तेवढ्या दिवसाची विक्री बुडते.

तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वाडीतून तो क्वचितच लावला जातो. जावेविरुद्ध कोण जाणार? अर्धी वापरलेली डबी फळीवर पडून राहते, आणि पुढच्या हळदीकुंकवाला त्या घरची बाई वाण घेते आणि चहासाठी न थांबता उठते.